गुरुपादप्पांचा डावा आर्म

गुरुपादप्पांच्या मोटारीत बसायचं म्हणजे आधी आडतीच्या काट्यावर चढावं लागायचं. बाई असो, बुवा असो, सुटका नाही.

अहमदपूरच्या मोंढ्यात त्यांची आडत, आणि भिंतीला भिंत लावून माझं बियाण्याचं दुकान. दुष्काळाचं साल. मोंढ्यात पोतं येईना, माझं बियाणं कोणी विचारीना. मी माश्या मारायचो, आप्पा माणसं जोखायचे. कपाळाला विभूतीचे पट्टे ओढून काट्यापाशी उभे. "चढा! आपलं वजन खरं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय." हलका असेल तो डावीकडं, जड असेल तो उजवीकडं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाट्या रंगल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. असेच एक नवे साहेब एस्टी चुकली म्हणून आप्पांच्या गाडीत बसायला आले. आप्पांनी त्यांनाही काट्यावर चढवलं. "सायेब, तुमी उजवीकडनं मागं. डाव्या आर्मला तुमी झेपत न्हाई. अन् ती फाइल हितंच ठिवा, कागदाला बी वजन असतंय." साहेब चालत स्टँडवर गेले.

आता हा आर्म म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात. आप्पांची मोटार जुनी, डाव्या आर्मला गंज चढलेला. त्याला पोलादी पट्टी वेल्ड करून मजबूत करावा की आहे तसा राहू द्यावा, हा एकच प्रश्न आप्पा सगळ्या तालुक्याला विचारत फिरायचे. हाडाच्या डॉक्टरला विचारलं. मठात महाराजांना विचारलं. महाराज म्हणाले, "आप्पा, मोह सोडा." आप्पा म्हणाले, "मोह सोडतो महाराज, पण चाक सुटलं तर?"

सगळ्यात हाल रशीदभाई मिस्त्रीचे.

"आप्पा, गंज ऊपर-ऊपर का है. आर्म पक्का है."

"तरी पट्टी मारावी म्हणतो."

"मारो."

"पण आर्म कडक झाला की धक्का वर चासीच्या सांगाड्यात जातोय."

"तो मत मारो."

"अन् न्हाई मारली, अन् मोडला तर?"

रशीदभाई पुन्हा गाडीखाली सरकायचे. तिथं तरी त्यांना निवांतपणा मिळायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आप्पांची एकुलती एक लेक महानंदा अर्धापूरला दिलेली, आणि तिचे दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. केळीवाल्या ट्रकबरोबर तिचा निरोप यायचा, "आप्पा, न्यायला कधी येता?" उलट निरोप ठरलेला, "आर्मचं काम चालू हाय." मी म्हटलं, एस्टीनं आणा की! तर म्हणे, "एस्टीचे आर्म कुणी बघितलेत?"

मला असा राग यायचा! पोर तिकडं वाटेला डोळे लावून बसलीय, आणि हा बाप लोखंडाला कुरवाळतोय. एक दिवस मी जेवता जेवता घरी आप्पांना मनसोक्त शिव्या घातल्या. माझ्या बायकोनं, कमलनं, ऐकून घेतलं. दुपारी मात्र तडक मोंढ्यात आली. आप्पा काट्याला टेकून बसले होते, रशीदभाईंचे पाय गाडीखालून बाहेर.

"आप्पा, महानंदाला कधी आणता?"

"वैनी, तेवढं आर्मचं..."

"आर्म ऱ्हाऊ द्या. काल ताक द्यायला तुमच्या घरी आले, तर रांजण पालथा. टँकरच्या रांगेत उभं ऱ्हायला माणूस न्हाई, चुलीपाशी बाई न्हाई. ह्याचीच लाज वाटून ऱ्हायली ना?"

आप्पांनी मान खाली घातली. रशीदभाईंचा पाना वाजायचा थांबला.

"तिची माय असती तर..." आप्पा म्हणाले. "वैनी, बाळंतिणीला न्हायला घागरभर पाणी न्हाई माझ्याकडं. बापानं असा निरोप कोन्या तोंडानं धाडावा? म्हणून म्हणतो, आर्म बाद हाय."

मी इतके दिवस हसलो ते हसलो, वर शिव्याही दिल्या.

"आमच्या आडाला झिरपतंय अजून," कमल म्हणाली. "माझ्याकडं उतरवा तिला. मी काय मेले का?"

आप्पा उठले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि गाडीचं दार उघडलं. रशीदभाई घाईघाईनं बाहेर सरकले.

"आप्पा, पट्टी?" मी विचारलं.

"आर्मला काय धाड भरलीय?" माझ्यावरच खेकसले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना गाडी आमच्या दारात आली. इतकी सावकाश, की म्हशी पुढं निघून गेल्या. महानंदा बापाचा हात धरून उतरली. कमलनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. पोर दमली होती, पण हसत होती.

"आप्पा, शेवटी झाला म्हणायचा तुमचा आर्म?"

आप्पांनी कमलकडं पाहिलं.

"झाला गं माय," ते म्हणाले. "कालच झाला. लई मजबूत झाला."