निंबोरे साहेबांचा शेरा

राधाकिशनच्या शिवारातला विजेचा डीपी जळून सव्वीस दिवस झाले होते. विहिरीत पाणी भरपूर, पण मोटार चालेना, आणि चारशे मोसंबीची झाडं सुपारीएवढी फळं टपाटप गाळत उभी. घरही मळ्यातच, त्यामुळे घरात अंधार आणि टीव्हीवर धूळ. वीज ऑफिसला त्याची चार निवेदनं देऊन झाली होती. पाचवं सदऱ्याच्या खिशात कायम तयार असे. पांढऱ्या गाडीतून कोणी उतरलं की निवेदन पुढे करायचं आणि हा कोण, ते नंतर विचारायचं, अशी आपल्याकडची जुनी रीतच आहे.

त्या दिवशी तो धारूरच्या बाजाराला गेला, तर किल्ल्याच्या पायथ्याला नऊ पांढऱ्या गाड्या, ढोल, गुलाल आणि चार-पाच कॅमेरे!

"कोन आलंय बे?" त्याने गर्दीतल्या एकाला विचारलं.

"मंत्री. रणधीर निंबोरे साहेब." तो गुलाल झटकत म्हणाला.

साहेब गाडीतून उतरले, हार घातले गेले. मग काय झालं कोण जाणे, साहेब परत गाडीत बसले, हार परत निघाले, आणि साहेब पुन्हा उतरले. राधाकिशनला यात काहीच वावगं वाटलं नाही. फोटो नीट आला नाही तर पुढारी दुसऱ्यांदा नारळ फोडतात, हे त्याने कित्येकदा पाहिलं होतं. त्याने मुसंडी मारून थेट साहेबांचे पाय धरले.

"साहेब, डीपी जळालाय. बाग चाललीय माजी!"

साहेब क्षणभर गडबडले. मग त्यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि ते गरजले, "माझ्या राज्यात शेतकऱ्याची बाग वाळते? पेन आणा!" निवेदनावरच त्यांनी लिहिलं, 'तीन दिवसांत डीपी बसवा. नाहीतर चौथ्या दिवशी मला तोंड दाखवा.' खाली झोकदार सही. मागून कोणीतरी "वा, वा!" म्हणालं. राधाकिशनच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो कागद बघून वीज ऑफिसातले स्वामी साहेब गोंधळले.

"निंबोरे? कोणत्या खात्याचे?"

"ते आमाला काय ठावं? मंत्री हाय. नऊ गाड्या व्हत्या."

नऊ गाड्या म्हटल्यावर स्वामी साहेब ताठ बसले. निंबोरे नावाचा मंत्री त्यांना आठवेना. पण हल्ली सरकारं इतकी इकडची तिकडं होतात की सकाळचा मंत्री संध्याकाळी असेलच असं नाही आणि संध्याकाळचा सकाळी कोणाला माहीत असेलच असंही नाही. त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावला.

"सर, निंबोरे साहेबांचा शेरा आहे."

वरच्या साहेबांनी पलीकडे डायरी चाळली. "कोणत्या... बरं बरं, निंबोरे साहेब होय! भाषा कशी आहे?"

"तोंड दाखवा, असं लिहिलंय."

"मग मंत्रीच. बसवून टाका."

तिसऱ्या दिवशी डीपी आला. पाठोपाठ तालुक्याचे पुढारी अमरसिंहदादाही आले. त्यांनी नारळ फोडला आणि बांधावर 'दादांच्या पाठपुराव्याला यश' असा फ्लेक्स लावला. "पर दादा, निंबोरे साहेबांनी..." राधाकिशन सांगायला गेला, तर दादा म्हणाले, "त्येला मीच सांगितलं व्हतं."

पुढचे चार दिवस सगळं घर बागेला पाणी देण्यात गुंतलं. मग एका संध्याकाळी राधाकिशनच्या बायकोने, तुळजाबाईने, टीव्ही पुसून लावला. 'गुलालाचे धनी' नावाची मालिका चालू होती. पडद्यावर निंबोरे साहेब गाडीतून उतरले आणि त्यांच्या पायाशी तिला आपला नवरा दिसला.

"अवो, तुमी!"

"बातम्या हायत त्या," राधाकिशन छाती फुगवून म्हणाला.

"बातम्यात मागं बासरी वाजती व्हय? सिरियल हाय ही! अन् ह्यो मंत्री म्हंजे नट हाय!"

राधाकिशन मटकन खाली बसला. बाहेर मोटार धो धो पाणी ओढत होती. मंत्री खोटा, मग डीपी खरा कसा? आणि आता तो ठेवतील का नेतील? त्या रात्री दोनदा उठून त्याने डीपी जागेवर असल्याचं पाहून घेतलं.

सकाळी स्वामी साहेब हजर! त्यांच्या मंडळींनीही मालिका पाहिली होती. "राधाकिशन, तो कागद फाईलला लागलाय. तपासणी आली तर माझी नोकरी गेली. डीपी उतरवावा लागेल."

"साहेब, चार दिस पानी भेटलं तवा कुठं फळ थांबलंय. ह्या उन्हात बाग हातची जाईल!" राधाकिशनने हात जोडले.

शेवटी दोघं अमरसिंहदादांच्या वाड्यावर गेले. डीपी उतरला तर फ्लेक्सचं काय, या काळजीने दादाही घाबरले. "आना नवं निवेदन. मागची तारीख टाका, मी शेरा देतो," असं म्हणून त्यांनी ऐटीत लिहिलं, 'नियमानुसार उचित कार्यवाही करावी.'

स्वामी साहेबांचा चेहरा पडला. "दादा, हा शेरा चालणार नाही."

"कावून?"

"असा शेरा आला की काम करायचं नसतं, असं आम्ही धरतो. यावर तर डीपी उतरवावाच लागेल."

दादांनी पेन खाली ठेवलं. "आरं, मी वीस वर्सं झाली ह्येच लिहितोय! म्हंजे कुनाचंच काम झालं न्हाई?"

स्वामी साहेब छताकडे बघू लागले. राधाकिशनची चारही निवेदनं दादांच्या याच शेऱ्याने गेली होती. तो आपल्या पायांकडे बघू लागला.

"मंग लिहू तरी काय?" दादांचा आवाज बारीक झाला होता.

स्वामी साहेबांनी फाईल उघडून निंबोरे साहेबांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. दादांनी चष्मा लावला, आपला शेरा खोडला आणि ते एकेक अक्षर बघून उतरवू लागले. 'तीन दिवसांत डीपी बसवा...' कपाळाला घाम आला, पण पुरं केलं. खाली सहीही केली आणि कागद सरकवला.

स्वामी साहेबांनी पाहिलं. राधाकिशननेही पाहिलं. दादांनी सहीसुद्धा बघूनच उतरवली होती. झोकदार, 'रणधीर निंबोरे'.

"दादा, सही..." स्वामी साहेब चाचरत म्हणाले.

राधाकिशनने झटकन कागदाची घडी करून त्यांच्या फाईलमध्ये घातली.

"ऱ्हाऊ द्या साहेब," तो म्हणाला, "ह्या सहीनं कामं व्हत्यात."