मनगटावर काठमांडू

आखाडा बाळापुरात कुणालाही वेळ विचारा, तो खिशातला मोबाईल काढून सांगेल. फक्त आमच्या शेजारच्या किसनतात्यांना विचारू नका. ते आधी तुम्हालाच विचारतात, "कुठला टायम पाह्यजे? इथला का नेपाळचा?"

तात्यांचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं असतं. ते बिघडलेलं नाही. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढीच पुढं आहे आणि तात्या तिकडच्या वेळेवर चालतात. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, मागं शेळ्या आणि मनगटावर काठमांडू.

मी रोज सकाळी बसनं हिंगोलीला कॉलेजात जाते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळं बस चुकायची मला फार धास्ती. तात्यांना कसलीच धास्ती नाही. एकदा ते माझ्यासोबत बसमध्ये चढले आणि चढता चढताच म्हणाले, "आठची गाडी सव्वाआठला! काय कारभार हाय!"

कंडक्टरनं आपलं घड्याळ दाखवलं. बरोबर आठ वाजले होते. तात्यांनी आपलं दाखवलं. "तुमचं मागं हाय, साहेब."

"मंग तुमी नेपाळच्या गाडीनं जा न बाबा!" कंडक्टर म्हणाला. सगळी बस हसली. तात्याही हसले आणि खिडकीची जागा पकडून बसले.

तात्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, हे अजिबात पटत नाही. "घड्याळ तिकडचं," त्या म्हणतात, "आन भाकर मात्र इकडची पाह्यजे!"

पण तात्यांचं नेपाळ घड्याळापुरतं नव्हतं. शेळ्यांची नावं तिथल्या हिमशिखरांची: अन्नपूर्णा, धवलगिरी आणि डोक्यावर शेंडी उभी राहिलेल्या एका भांडखोर शेळीचं नाव मच्छपुच्छरी. शनिवारी ते शेळ्या चारायला पुतण्याला पाठवत. काहून, असं काकूंनी विचारलं तर म्हणत, "शनवारी आमच्याकडं सुट्टी असते." एकदा त्यांनी इडलीच्या भांड्यात मोमो केले, आत मेथीची भाजी भरून. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. दुसरा कुणी मागितला नाही. मच्छपुच्छरीनंही हुंगून तोंड फिरवलं.

मी भूगोल घेतलाय म्हणून तात्या माझ्याशी मोठ्या विषयांवर बोलत. "नेपाळात सपाट जमीन न्हाईच," ते सांगत. "माणूस झोपला अन कूस बदलली, की थेट खालच्या गावात."

"तात्या, खाली तराई म्हणून भाग आहे," मी चाचरत म्हणाले. "तो सपाट आहे. तिथं भात पिकतो."

"ते पुस्तकात. आमच्या सुनंच्या गावाकडं न्हाई. आन तिथं इंग्रजाचं राज्य झालंच न्हाई, हे हाय का पुस्तकात? चढता चढताच दम लागला असंल त्यायला!"

'आमच्या सुनंच्या गावाकडं' हे तात्या फार जपून म्हणत. कारण ती सून त्यांनी फोटोतच पाहिली होती.

त्यांचा संतोष पुण्यात एका हॉटेलात स्वयंपाकी होता. तिथंच काम करणाऱ्या सरिताशी त्यानं लग्न केलं आणि मग घरी कळवलं. सरिता नेपाळातली, पोखऱ्याजवळच्या डोंगरातली. तात्या आधी खूप संतापले. "जिथं आपली बस जात न्हाई, तिथली सोयरीक मला चालत न्हाई," म्हणाले. पुढं दोघं पोखऱ्याला गेले, तिथं छोटं हॉटेल टाकलं, आणि इकडं तात्यांचा राग आपोआप उतरला. मग संतोषनं निरोप दिला, की सरिता संध्याकाळी सात वाजता तुमच्याशी बोलणार आहे.

त्या दिवशी तात्यांनी दुसऱ्यांदा आंघोळ केली. नवा पटका काढून ठेवला. सातला अवकाश होता, काकू शेजारी गेल्या होत्या, म्हणून ते शेळ्यांची धार काढायला गेले. ओट्यावर ठेवलेला फोन वाजून वाजून थांबला. तिकडं सात वाजले होते. आपल्याकडं पावणेसात.

सातला तात्या पटका बांधून फोनसमोर बसले. फोन वाजलाच नाही. त्यांच्या फोनवरून परदेशात लागतही नव्हता. दुसऱ्या दिवशी संतोषकडून कळलं, की सरिता रात्रभर रडली. सासरे अजून रागावलेत, मुद्दाम फोन उचलला नाही, असं तिला वाटलं.

तात्या तडक माझ्याकडं आले. "पोरी, हे पंधरा मिनटं आले कुठून?"

पृथ्वी फिरते, सूर्य आधी तिकडं उगवतो, असं काहीतरी मी सांगू लागले. मलाच नीट सांगता येईना.

"फिरू दे तिला," तात्यांनी हात पुढं केला. "तू घड्याळ पुढं कर."

त्यानंतर एकही फोन चुकला नाही. पण बोलणं काही जमेना. "खाना खाया?" "जी." "थंडी हाय?" "जी." सरिता तेवढंच बोलायची. फोन ठेवला की तात्या मला विचारायचे, "तुला काय वाटते, तिच्या मनातून गेलं असंल का ते फोनचं?" मी 'हो' म्हणायचे. मला तरी काय माहीत!

आणि मग कळलं, की दसऱ्याला दोघं बाळापूरला येणार आहेत.

घट बसायच्या सुमारास तात्यांनी शेळ्यांच्या गोठ्यामागची अंधारी खोली बंद करून घेतली. रोज तांब्याभर पाणी घेऊन आत जायचे आणि दार लावून बाहेर यायचे. काकूंनी घरात देवापुढं नेहमीसारखे घट बसवले होते, त्याकडं तात्यांचं लक्षच नव्हतं. "काय लपवलंय देव जाणे," काकू मला म्हणाल्या. "म्हातारपणी दारू गाळून राहिला का काय!"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोघं आले. सरिता सासू-सासऱ्यांच्या पाया पडली आणि डोकं खाली घालून उभी राहिली. अख्ख्या गावाला नेपाळ सांगणाऱ्या तात्यांना तोंड उघडता येईना. तेवढ्यात शेंडीवाली शेळी सरिताची पिशवी ओढायला आली. तात्या सवयीनं ओरडले, "ए मच्छपुच्छरी! हो मागं!"

सरितानं चमकून वर पाहिलं. "माछापुच्छ्रे? वो तो मेरे गाँव से दिखता है!"

"इथून बी दिसते," काकू म्हणाल्या. "रोज माझी तुळस खाते."

सरिता तोंडावर पदर धरून हसली. तात्या मात्र कानामागं खाजवत गोठ्यात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते सारखे घड्याळ बघत होते. मी आपट्याची पानं द्यायला गेले होते. ओट्यावर बसलेल्या सरिताला त्यांनी विचारलं, "किती झाले?"

"साढ़े ग्यारह," तिनं मनगट बघून सांगितलं.

तात्यांच्या घड्याळात पावणेबारा होते. "तुझं मागं हाय," ते म्हणाले.

"बॉर्डर पे पीछे किया, बाबा." ती हळूच म्हणाली. "यहाँ आपका टाइम है न."

तात्या तसेच गोठ्यामागच्या खोलीत गेले आणि टोपल्याखाली झाकलेलं एक मडकं घेऊन आले. मडक्यात जवाचे वीतभर अंकुर होते. उन्हाची तिरीपही न लागलेले, पिवळेधमक.

नेपाळात दसऱ्याला दसैं म्हणतात. घरातली मोठी माणसं लहानांच्या कपाळाला दही, तांदूळ आणि लाल रंगाचा टीका लावतात आणि केसांत असे अंकुर खोवतात. त्याला जमरा म्हणतात. टीक्याची वेळ तिथं रेडिओवर सांगतात. लेकीबाळी त्यासाठी माहेरी जातात. यंदा सरिता माहेरी नव्हती. हे सगळं मला नंतर संतोषनं सांगितलं. तात्यांना त्यानं सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मोबाईलवर पाहून पाहून शोधलं होतं.

तात्यांनी मागितलं तसं काकूंनी, कशाला ते न विचारता, दही, तांदूळ आणि कुंकू आणून दिलं. तात्या घड्याळाकडं टक लावून उभे होते. काटा तिकडच्या टीक्याच्या वेळेवर आला तसा त्यांनी घाईघाईनं सरिताच्या कपाळाला टीका लावला. निम्मा नाकावर सांडला. मग तिच्या केसांत जमरा खोवला.

सरिता त्यांच्या पायाशी वाकली आणि तिथंच हुंदके देऊन रडू लागली.

तात्या घाबरले. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, झटकलं, पुन्हा बघितलं.

"काहून रडून राहिलं लेकरू?" ते मला विचारू लागले. "टायम चुकला का पुन्हा?"