पांच अंकाचा कौल

श्रीगजाननास दंडवत, कुलदेवतेस दंडवत, आणि जे ऐकावयास बैसले त्यांचें चित्त स्थिर असो. शके सोळाशें एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरीं, एका राज्यांत जें वर्तलें तें लिहितों. राज्याचें नांव पुसूं नये, सांगावयास लाज वाटते.

त्या राज्यीं कोनेरपंत म्हणोन अंकविद्येचे जाणते होते. भर दरबारीं लोकांस मनीं अंक धरावयास सांगत, बेरीज वजाबाकी करवीत आणि न विचारतां उत्तर बोलत. विद्या लहान, परंतु पंतांचा आव मोठा. डोळे मिटोन ऐसें बोलत कीं जणूं अंतर्यामींचें वाचितात, आणि लोक थक्क होत, आणि पंतांस तें फार गोड वाटे. गुरूंणीं एक शिस्त घालोन दिली होती, कीं एक खेळ एका माणसापुढें दोनदां करूं नये, केलियास गुपित फुटतें. ती शिस्त पंतांणीं जिवापाड सांभाळिली.

मग ते वर्षीं गनीम घाटाखालीं येऊन बैसला आणि स्वारी करणें प्राप्त जाहलें. घाटास सहा खिंडी. कोणत्या खिंडीनें फौज उतरावी याचा वाद पडला. चाल ऐसी, कीं मोहिमेपूर्वीं देवीस फुलें लावोन कौल घ्यावा. ते दिवशीं फुलें जागचीं हालेनात, आणि मग महाराज म्हणाले, "पंत, तुमची विद्या अंतर्यामींची. तुम्हींच कौल काढा." येथें पंतांणीं 'महाराज, हा पोरखेळ आहे' इतकें म्हणावयाचें होतें. न म्हणाले. उठले आणि सरदारांस बोलिले, "मनीं एक अंक धरावा, दुप्पट करावा, त्यांत दहा मिळवावे, निम्मे करावे, आणि धरिला अंक वजा करावा." ज्याचे त्याचे हातीं पांच उरले. अंक कोणताही धरा, दहा मिळविलियावर पांचच उरणार, हें एकटे पंत जाणत होते. दरबारीं जयजयकार जाहला, पांचवी खिंड ठरली आणि पंतांस पालखीचा मान मिळाला.

सरनोबत रायाजीराव फौज घेऊन जाणार. त्यांणीं पंतांस एकीकडे नेऊन म्हटलें, "पंत, ती खिंड मीं पाहिली आहे. घोडा वळत नाहीं. आणखी एकवार अंक काढून दाखवा, माझी शंका फिटों द्या." पंतांस गुरूंची शिस्त आठवली. म्हणाले, "सरनोबत, कौल दोनदां घेऊं नये. देवी कोपते." रायाजीराव भाविक माणूस. "चुकलों," म्हणाले, आणि हात जोडोन विडा उचलिला आणि गेले. खिंडींत दोहों अंगांनीं गनिमानें धोंडे लोटिले. रायाजीराव पडले आणि त्यांसवें फार माणूस पडलें. हाय हाय, ऐसा मनुष्य आणि ऐसिया कारणें जावा!

मग पंतांणीं महाराजांपाशीं जाऊन सर्व सांगितलें. महाराज म्हणाले, "हें आतां कोठें बोलूं नका. देवीनें नेलें ऐसें लोक मानितात, तेंच राहों द्या. खेळानें नेलें म्हटलियावर आम्हीं कोणतें तोंड दाखवावें?"

दिवसकार्य उरकलियावर रायाजीरावांचें कुटुंब सगुणाबाई पंतांकडे आल्या. म्हणाल्या, "पंत, डोळ्यास डोळा लागत नाहीं. माझें कांहीं व्रत चुकलें म्हणोन ते गेले, ऐसें मनीं येतें. मज कौल द्या." पंत नको नको म्हणाले, बाई ऐकेनात. दहाचे जागीं दुसरा अंक सांगावा, पांच न उरतां खेळ उघडा पाडावा आणि सोक्षमोक्ष करावा, ऐसें पंतांचे ओठीं आलें. परंतु बाईंचे मुखाकडे पाहिलें आणि दहाच सांगितले. बाईंणीं बोटांवर मोजिलें. "पांच," म्हणाल्या, आणि मुद्रा निवळली. "दरबारीं आला तोच अंक. म्हणजे देवीनेंच बोलाविलें. माझें चुकलें नाहीं." आणि पंतांचे पायांवर डोकें ठेवोन घरीं गेल्या.

येणेंप्रमाणें मोहीम बुडाली आणि सरनोबत गेले. बाईंस त्या रात्रीं झोंप लागली ऐसें ऐकितों. पंतांचें न पुसावें.