बूट घालून डोंगर चढणारे सेतूराव

रविवार, मार्च २००७. सकाळी पावणेसहा. परंगीमलै डोंगराचा पायथा.
हजर : मी, पहिल्या मजल्यावरचा सुजय, दुसऱ्या मजल्यावरचे सेतूराव.
गैरहजर : माझे यजमान. कारण : झोप.
शेरा : सेतूराव पहिल्या पायरीसमोर कान धरून उठाबशा काढत आहेत.

ही नोंद माझ्या वहीतली. अंबत्तूरच्या कारखान्यात कामाचं वेळापत्रक आखणं ही माझी नोकरी, त्यामुळे मैलापूरच्या आमच्या इमारतीत रविवारचं फिरणं सुरू झालं तेव्हा वही आपोआप माझ्याकडे आली.

उठाबशा कशासाठी? डोंगराची माफी मागायला. कारण सेतूरावांच्या पायांत बूट होते. सत्तरीला टेकलेला हा माणूस जन्मभर एकही डोंगर पायात काही घालून चढलेला नाही.

"डोंगर म्हणजे उंबरठा, बाई. वहाणा घालून उंबरठा ओलांडतों काय आपण?"

परंगीमलैवर चर्च आहे. त्याने सेतूरावांना काही फरक पडत नाही. "वर कोण बसला आहे तें आपण कां विचारावें? बसला आहे, पुरे."

सेतूराव तंजावरकडचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, आणि आमच्या मराठीवर त्यांचा विश्वास नाही. मी साताऱ्याहून इथे, तमिळ मुलखात आले त्याला एकोणीस वर्षं झाली. पहिल्याच भेटीत त्यांनी "तुमच्या मराठींत इंग्रजी फार" असं मला सुनावलं आणि लगेच "सरी अम्मा, पोयिट्टु वांगो" म्हणून तमिळमध्ये निरोप दिला.

आता बुटांचं प्रकरण. त्यांची एकुलती मुलगी कमळा मेंढ्यांची डॉक्टर आहे. स्कॉटलंडमध्ये, डोंगराळ मुलखातल्या एका फार्मवर. मागच्या उन्हाळ्यात सेतूराव तिच्याकडे गेले. तिच्या घरामागे एक डोंगर होता, नुसता गवताचा. कमळेने वडिलांसाठी खास बूट आणून ठेवले होते. सेतूराव ते घालून फाटकापर्यंत गेले आणि तिथे त्यांनी ते काढले. नाड्या एकमेकींना बांधून, जोडी नीट भिंतीला लावून ठेवली. मोजेही काढले. पिशवीत नारळ होता.

"अप्पा, वर देऊळ नाही!" कमळा ओरडली.

"मग काय आहे?"

"काही नाही. दगडांचा ढीग आहे."

"ढीग कुणी रचला?"

"जाणारे-येणारे एकेक ठेवतात."

"मग तें देऊळच की," म्हणून हे निघाले.

गवत बर्फासारखं ओलं. अर्ध्यावर बोटं निळी पडली आणि सेतूराव खाली बसले. कमळेने स्वतःची लोकरी टोपी त्यांच्या पायांना गुंडाळली आणि हाताला धरून खाली आणलं. वर जायचं राहिलंच.

इकडे आल्यावर सगळा दोष डोंगराचा. "पायरी नाहीं. सोड्याचें दुकान नाहीं. आणि काय ती शांतता, बाई! उतरून येणारा एक माणूस नाहीं. 'अजून किती आहे?' असें विचारायचें कुणाला? मेंढीला?"

पण जानेवारीत ते माझ्या दारात उभे राहिले. हातात तेच बूट. "मे महिन्यांत परत जातों आहे. या वेळीं वर पोंचलेंच पाहिजे. तुम्ही यादी करा."

मी यादी केली. एक, बूट घालून इमारतीचे जिने. दोन, बूट घालून समुद्राची वाळू. तीन, बूट घालून परंगीमलै. पहिली दोन कामं आठ दिवसांत झाली. तिसऱ्यावर गाडी अडली. पहिल्या पायरीशी आले की त्यांचे हात आपोआप नाड्यांकडे जायचे. तीन रविवार ते अनवाणी वर आले आणि बूट गळ्यात.

"काका, बूट चढले, तुम्ही नाही चढलात," सुजय म्हणाला.

"तूं गप्प रे. तुझे बूट तर मोटारसायकलवरून उतरत नाहींत."

उठाबशांचा तोडगा शेवटी त्यांनीच काढला. आधी माफी, मग अपराध.

त्या मार्चच्या रविवारी तीन उठाबशा झाल्या, त्यांनी डोळे मिटले आणि उजवा बूट पायरीवर ठेवला. मग डावा. मग जे निघाले ते थेट वर. कठड्याला हात नाही, मध्ये बसणं नाही. एकदा फक्त उतरणाऱ्या एका बाईंना थांबवून "अजून किती?" विचारलं, तेही समोर शेवटचं वळण दिसत असताना. सुजय माझ्या मागे धापा टाकत होता. सातव्या महिन्यातल्या बाईसारखा कमरेवर हात ठेवून. मला इतका अभिमान वाटला की मी वहीत लाल शाईने बरोबरची खूण केली. लाल शाई मी फार क्वचित वापरते.

वर वारा होता. विमानतळावर एक विमान उतरत होतं. सुजय पाणी आणायला गेला.

"सेतूराव मामा," मी विचारलं, "त्या डोंगराचं एवढं काय घेऊन बसलात? मुलगी तर खाली घरातच भेटते."

ते वाकून बुटाची सैल नाडी घट्ट करू लागले.

"चार वर्षें ती दर रविवारीं फोन करीत असे. मागें नुसता घूं-घूं आवाज. मी म्हणें, 'लाइन वाईट आहे, काहीं ऐकूं येत नाहीं, ठेव.' दोन मिनिटें. कधीं एक." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मागच्या वर्षीं तिथें अर्ध्यावर बसलों, तेव्हां विचारलें, तूं इथें एकटी कशाला येतेस? म्हणाली, 'अप्पा, खालीं रेंज नाहीं. फार्मच्या कचेरींतला फोन रविवारीं बंद. तुम्हांला फोन करायला वर यावें लागतें.' एक तास चढते, बाई. पावसांतसुद्धां. तो आवाज लाइनीचा नव्हता, वाऱ्याचा होता."

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?"

"काय म्हणणार? पाय दुखतात म्हणालों."

सुजय पाणी घेऊन आला. सेतूरावांनी बाटली अर्धी संपवली आणि सगळ्यांच्या आधी उतरायला लागले.

मेची तयारी आता जवळजवळ पूर्ण आहे. तिकीट झालं. लोकरीचे मोजे झाले, दोन जोड. बूट वापरून मऊ झाले. चौथ्या ओळीत मी लिहिलं आहे : कमळेशी बोलणे. मी त्यांना म्हटलं, आजच फोनवर सांगून टाका. ते म्हणाले, "फोनवर नको. वर गेल्यावर." त्या ओळीपुढची जागा अजून रिकामी आहे.