मानेवरची सावली

माझ्यावर कुणीही, कितीही टीका करावी, मला काही म्हणजे काही होत नाही! हे मी उगाच म्हणत नाही. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस फोनवर जे बोलतो, ते ऐकून ऐकून माझ्या कानांना घट्टे पडलेत. कुणी माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला तरी मी शांतपणे विचारतो, "साहेब, कितव्या मजल्यावर आहात?" त्यामुळे रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो.

हा वर्ग एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांचा. आम्ही त्यांना सर म्हणतो. पद्धत अशी, की प्रत्येकाने घरी पेन्सिलीने काढलेलं चित्र भिंतीवर लावायचं, बाकीच्यांनी त्याची यथेच्छ चिरफाड करायची आणि ज्याचं चित्र असेल त्याने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. शेवटी फक्त "बरं" म्हणायचं आणि चित्र सुधारून आणायचं. वर्षाअखेरीला निवडक चित्रं वाचनालयाच्या दालनात लागतात. तिथे एकदा तरी आपलं चित्र लागावं, एवढीच माझी इच्छा. ऑफिसात माझं कौतुक होण्याचा प्रश्नच नाही. लिफ्टमधून सुखरूप सुटलेला माणूस आभार मानायला कधी फोन करत नाही.

पहिलं चित्र मी बायकोचं काढलं. बायको मोटार चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवरून "ब्रेक, ब्रेक" ओरडायचं, त्यामुळे तिचा आवाज गेले काही महिने बसलेलाच होता आणि घरी आली की तीही नुसती बसून असायची. मॉडेल म्हणून याहून सोयीचं माणूस मला कुठे मिळणार? पण वर्गाचं मत पडलं की चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट झालाय. सगळीकडे एकच करडा रंग. वर्गातल्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नाक तर कागदाला चिकटलंय. सरांनी समजावलं, की नुसत्या रेषेने माणूस उभा राहत नाही, तो उजेड-अंधाराने उभा राहतो. खोलीतले दिवे घालवा, एकच दिवा एका बाजूला ठेवा, डोळे किलकिले करा आणि जिथे जेवढा अंधार दिसेल तेवढाच कागदावर उतरवा.

मी तसंच केलं. टेबलावरचा दिवा बायकोच्या डाव्या हाताला ठेवला, डोळे बारीक केले आणि चमत्कारच झाला. इतकी वर्षं संसार केला, पण हिच्या गालाला एवढी गोलाई आहे हे मला पहिल्यांदाच दिसलं. नाक पुढे आलं, कपाळ मागे गेलं. मानेवर, हनुवटीच्या बरंच खाली, एका बाजूला एक वाटोळी सावली होती. तीही मी इमानदारीने काढली, एका अंगाला उजळ आणि दुसऱ्या अंगाला गडद. चित्र टेबलावर ठेवून हात धुऊन आलो, तर बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. मी विचारलं, आवडलं का? ती म्हणाली, "बरोबर काढलंय." एवढी स्तुती तिने आजवर माझ्या कुठल्याच गोष्टीची केली नव्हती. मी खूश!

रविवारी नाकाला भरभरून दाद मिळाली, पण मानेपाशी घोडं अडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मान म्हणजे एक सरळ नळकांडं, त्याच्यावर मध्येच ही गोळी कुठून आली? वर्गातले एक बेकरीवाले काका म्हणाले, बाईंनी लिंबू गिळलेलं दिसतंय. सगळा वर्ग हसला. सरांनी चष्मा वर करून बघितलं आणि निकाल दिला, की मानेची घडण चुकलीय, तेवढी सुधारली तर चित्र दालनात लावू. ती गोळी मानेवर खरंच दिसत होती, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण नियम म्हणजे नियम. शिवाय दालन! मी "बरं" म्हणालो.

घरी पुन्हा दिवा, पुन्हा खुर्ची. पुन्हा तीच गोळी! मी खोडली, पुन्हा काढली, पुन्हा तिथेच. कागदाचं साल निघायची वेळ आली. मग मी बायकोवर घसरलो. हनुवटी वर कर, खांदा पाड, आणि सारखा आवंढा गिळू नकोस.

"मी कुठे गिळतेय?" ती म्हणाली. "गिळताना तर अडकतं हल्ली."

"बोलू नकोस, मान हलते," मी म्हणालो.

दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचा मला पगार मिळतो, आणि घरच्या तक्रारीला मी हे उत्तर दिलं. त्याची लाज मला आजही वाटते.

शेवटी मी शक्कल लढवली. बायकोला उठवलं आणि तिच्या जागी पाण्याची काचेची बाटली ठेवली. बाटलीची मान बघून बायकोची मान काढली. काय सुरेख उतरली! गुळगुळीत, सरळ, डाग नाही की डोंगर नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, टीका पचवावी तर अशी. मी तरंगतच घरी आलो. बायको तेव्हा गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळायला लागली होती. गाडीतल्या एसीचा त्रास होतो म्हणाली. तुला शोभतो हं, एवढंच मी म्हणालो.

दालनात माझं चित्र दाराजवळच लागलं होतं. मी बायकोला मोठ्या तोऱ्यात त्याच्यासमोर उभं केलं. तिने चित्रातल्या गुळगुळीत मानेकडे बघितलं. मग तिने स्कार्फ सोडला.

"दिवा लावून काढलंत, त्या चित्रात तुम्ही ही काढली होतीत," ती म्हणाली. "मला वाटलं, चला, यांना दिसली. आता विचारतील. मला स्वतःहून सांगायचा धीर होत नव्हता. रोज वाट बघितली. आणि तुम्ही ती खोडून टाकलीत."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई माझं अभिनंदन करायला आल्या. खिडकीतून एका बाजूने ऊन येत होतं. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग बायकोकडे, मग हळूच तिच्या मानेला दोन बोटं लावली. त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडे न बघता त्यांनी एका सर्जनचा पत्ता सांगितला आणि उद्याच जा म्हणाल्या. दालनातले लोक चित्राची तारीफ करत होते. मला ते फाडून खिशात कोंबावंसं वाटत होतं.

सर्जनने बायकोला दिव्याशेजारी बसवलं आणि म्हणाला, एका बाजूने उजेड टाकला की बघा कशी स्पष्ट दिसते. मी बघितलं. गेल्या वेळेपेक्षा मोठी झाली होती. गाठ काढायची, तपासायला पाठवायची, मग काय ते कळेल. आधी का नाही आलात, असं त्याने विचारलं. मी चित्रकलेच्या वर्गाबद्दल सांगायला लागलो, तर बायकोने माझा हात दाबून मला गप्प केलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बायकोने स्वतःच दिवा ओढून घेतला आणि खुर्चीत बसली.

"काढा," ती म्हणाली. "उद्या ही जाईल आणि टाके येतील. त्याआधी हिला एकदा नीट काढून ठेवा, आणि कुणी सांगितलं तरी खोडू नका."

मी काढायला बसलो. अर्ध्या तासाने तिने कागद हातात घेतला आणि गाठीच्या खालच्या सावलीवर बोट ठेवलं. फिकी झालीय, म्हणाली. मी म्हणालो, दिव्याचा उजेड कमी पडतोय.

"उजेड आहे तेवढाच आहे. तुम्ही घाबरताय. दाबून काढा."

मी दाबलं आणि टोक मोडलं. दुसरी पेन्सिल आणतो म्हणून मी आतल्या खोलीत गेलो, दार लोटलं आणि बराच वेळ पेन्सिल शोधत राहिलो. दुसरी पेन्सिल माझ्या खिशातच होती.