आप्पासोंनी बघितलेला बिबट्या

कार्यक्रम कसा करावा, हे आमच्या मंडळाकडून शिकावं. मी सरचिटणीस आहे म्हणून सांगत नाही. मंडळ तरुणांचं आहे आणि मी पन्नाशी ओलांडलीय, पण नानासोशिवाय मांडवाचा एक बांबू उभा राहत नाही, असं सगळे म्हणतात. म्हणजे मी म्हणतो, आणि कोणी नाही म्हणत नाही!

तर माझी पुतणी उत्कर्षा. तिला जन्मापासून दिसत नाही. पुण्यात कॉम्प्युटर शिकून ती इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी परत आली आणि तिनं एक गेम तयार केला. त्यात चित्र औषधालाही नाही, सगळा मामला कानांचा! हेडफोन लावायचे, मोबाइल खिशात टाकायचा, की तुम्ही थेट रात्रीच्या उसात उभे. चुकलेलं करडू कुठंतरी घुंगरू वाजवतंय. मान वळवाल तसा आवाज फिरतो, चालाल तसा जवळ येतो. वाट चुकलात की मागं बिबट्या गुरगुरायला लागतो. मी एकदाच खेळलो आणि नंतर बराच वेळ पाणी पीत बसलो.

आसपासच्या गावांतल्या, तिच्यासारख्याच न दिसणाऱ्या पोरापोरींना हा गेम खेळायला जागा हवी होती. मैदानाच्या कडेला दूध संस्थेची एक खोली रिकामी पडलेली, आणि तिची किल्ली चेअरमन आप्पासोंच्या खिशात. आप्पासो म्हणाले, आधी खेळून बघतो, पटलं तर किल्ली देतो. उत्कर्षा मला म्हणाली, "काका, त्यांच्या घरीच जाऊ. एक माणूस, एक हेडफोन आणि शांतता, बास."

शांतता! आमच्या गावात शांततेत आजवर कुणाला काही मिळालेलं नाही. मी मैदानात मांडव घातला, हलगी सांगितली, कर्णे बांधले. आप्पासोंना काय ऐकू येतंय ते गावालाही कळावं, म्हणून त्यांच्या सदऱ्याला छोटा माइक लावायचं मीच ठरवलं. ही आयडिया माझी होती, हे मी त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांना सांगत होतो.

रविवारी सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला आणि आमच्या मंडळातल्या गुंडा नावाच्या पोरानं आप्पासोंना फेटा बांधला. गुंडाचा फेटा म्हणजे साधं काम नव्हे. लग्नात बांधला तर नवरदेव सत्यनारायणापर्यंत तसाच हिंडतो. आता त्यावर हेडफोन बसेनात! उत्कर्षा म्हणाली, फेटा काढा.  सत्काराचा फेटा कार्यक्रमाच्या मध्येच उतरवायचा? आप्पासोंच्या भुवया वर गेल्या आणि मला किल्ली लांब जाताना दिसली.

मग मीच तोड काढली. फेटा सोडायचा, आधी हेडफोन घालायचे आणि त्यांच्यावरून फेटा पुन्हा बांधायचा. गुंडानं इतका आवळून बांधला आणि इतक्या टाचण्या मारल्या, की आप्पासोंचे डोळे बारीक झाले. हेडफोनची एका बाजूची माइकची दांडी तुऱ्याच्या आड येणार होती, म्हणून त्यानं ते आधीच फिरवून घातले होते. डावा कान उजवीकडं, उजवा डावीकडं. आम्हाला वाटलं, कानात काय फरक पडतो! वर पेपरात फोटो चांगला यावा म्हणून आप्पासोंनी डोळ्यांवर रुमालही बांधून घेतला.

खेळ सुरू झाला. करडू डावीकडं ओरडलं की आप्पासो उजवीकडं वळत. ते जितके शोधत, तितकं करडू लांब जाई. पण एवढ्या मोठ्या माणसाला कोण अडवणार? ते मैदानातून तरातरा निघाले, तसे आम्हीही मागून निघालो. आमच्यामागं हलगी निघाली. मैदान संपलं, ऊस लागला आणि आप्पासो थेट उसात शिरले! पाती खऱ्याच सळसळल्या, आणि नेमका तेव्हाच गेममधला बिबट्या त्यांच्या मानेशी गुरगुरला असणार.

गावभरच्या कर्ण्यांतून आप्पासोंचा आवाज आला, "बिबट्या हाय रं! माझ्या मागंच हाय!"

आता आमच्या भागात उसात बिबट्या म्हटल्यावर कोण चौकशी करतं? हलगी टाकून हलगीवाले पळाले. गुंडा पाण्याच्या टाकीवर चढला. मांडवाचे बांबू मी सरळ उभे केले होते, ते लोकांनी आडवे केले. मंचावर एकटी उत्कर्षा पोट धरून हसत होती आणि ओरडत होती, की त्यांचे हेडफोन काढा. पण हेडफोन फेट्याच्या आत, आणि फेटा काढणारा टाकीवर!

शेवटी आप्पासो दूध संस्थेच्या त्याच खोलीच्या भिंतीला धडकून बसले. गुंडाला खाली उतरवून कात्रीनं फेटा कापला. आप्पासोंनी एकवार हेडफोनकडं पाहिलं, एकवार जमलेल्या गावाकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण चेअरमन मोबाइलला भिऊन पळाला, हे मान्य कोण करणार?

"बघितला मी," ते म्हणाले. "ह्या डोळ्यांनी." रुमाल अजून गळ्यात लोंबत होता.

यावर कुणीतरी म्हणालं, शेपूट मलाही दिसलं. गुंडाला टाकीवरून पाठ दिसली होती. मग सगळ्यांनाच काही ना काही दिसू लागलं. वनखात्याची माणसं आली, त्यांना आप्पासोंच्या चपलांचे ठसे सापडले. तरी त्यांनी जपून राहायला सांगितलं, आणि आप्पासोंनी खोलीकडं फिरकायला गावाला बंदी केली. झालं! खोली गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी उत्कर्षा मला घेऊन आप्पासोंच्या घरी गेली. मी दारातच चप्पल चाचपत राहिलो.

आप्पासो म्हणाले, "पोरी, तिथं बिबट्या हाय. सगळ्या गावानं बघितलाय. तुमास्नी कसं धाडू तिकडं?"

"गावानं बघितला, आप्पा. आमी कुनीच बघितला न्हाई," उत्कर्षा शांतपणे म्हणाली. "ज्यांनी बघितला त्यांनी जाऊ नये. आमी जातो. का मोबाइल आनून गावाला त्याचं गुरगुरनं ऐकवू?"

 आप्पासोंनी खिशात हात घातला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. माझ्याकडं मात्र बघितलं नाही.

आता रोज संध्याकाळी त्या खोलीत पोरापोरींचा नुसता दंगा असतो. कोण करडू आणतं, कोण बिबट्याच्या तोंडी जातं, हसणं पार रस्त्यापर्यंत ऐकू येतं. परवा मीही म्हटलं, जाऊन एक डाव टाकावा. मैदानाच्या निम्म्यापर्यंत गेलोसुद्धा. तेवढ्यात टाकीजवळून गुंडानं, "बिबट्या बघितलेल्यांनी तिकडं जायचं न्हाई," म्हणून हटकलं आणि मला परत फिरावं लागलं. वनखात्याच्या माणसांना बिबट्याचे ठिपके मीच मोजून सांगितले होते ना!