अप्पांची सळई

केजच्या बाजारात आडत चालवणारे आमचे शेजारी शिवलिंगअप्पा सळई खुपसून पाहिल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाहीत. सळई म्हणजे पोत्यातून ज्वारीचा नमुना काढायची पोकळ, टोकदार नळी. ती ओढून घेतली की तागाला पडलेलं भोक ते अंगठ्याने घासून बुजवतात. "दाना सांडला न्हाई पायजे," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी आणलेल्या गादीतही त्यांनी सळई घालून कापूस तपासला होता. व्याही अजून बोलत नाहीत.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. मोबाइलला फक्त गच्चीवर रेंज मिळायची, त्या दिवसांत माझ्या किडनीत गाठ निघाली. दुसरी किडनी आधीच काढलेली. पुण्याच्या डॉक्टरांनी पोट न फाडता पाठीतून सुई घालून गाठ जाळायचं ठरवलं. भीती होती ती रक्तस्रावाची. म्हणून माझी रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांनी आठवडाभर थांबवली. अप्पांनी गोळ्यांचं पाकीटच जप्त केलं.

मृत्यूवर तास-तास बोलणारा मी डॉक्टरांना एवढंच विचारू शकलो, "दुखेल का?"

सोबत आलेले अप्पा पुढे सरसावले. "सायेब, सुई काडल्यावर भोक कोन बुजवनार?"

"सुई तापलेली ठेवूनच हळूहळू मागे घेतो. वाट भाजून बंद होते."

"मास्तर," अप्पा मला म्हणाले, "मानूस धंद्यातला हाय. झोपा बिनघोर."

गाठ जळाली. पुढे दिवसभर उताणं, न हलता पडायचं होतं. लघवीत रक्त दिसतं का, तेवढं बघायचं होतं. अप्पांनी लघवीची पिशवी खिडकीच्या उजेडात धरली आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं जाहीर केलं, "नमुना झकास हाय!" मी हसू दाबलं. ते पाहून अप्पांचा चेहरा उतरला. त्यानंतर ते एक शब्द बोलेनात. अप्पा आणि मौन!

"अहो, काहीतरी बोला."

"न्हाई. तुमी हसताल, आतलं सुटंल." जरा थांबून ते पुटपुटले, "ही गेल्यापासून घरात कोन हाय? सांजच्याला ओट्यावर भांडायला तुमीच तर हाव."

मी डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने कुशीजवळ हालचाल जाणवली, म्हणून डोळे किलकिले करून पाहिलं. मला धक्का लागू न देता अप्पा पांघरुणाच्या विणीवर अंगठा घासत होते. वीण कुठेच उसवलेली नव्हती.